नाव घेऊन आलेली

कॉर्क,
२० फेब्रुवारी १९६७

ती. गोबनित हिस,
सा. न. वि. वि.

तू आणि बाळ दोघी सुखरूप आहात, बाळ दूध नीट पितं आणि कोलमन दिवसातून दहा वेळा त्याच्या तोंडाकडे बघून हे आपल्या मेयोच्या घराण्याचंच नाक आहे असं सांगतो, हे सगळं आईच्या पत्रातून कळलं. फार आनंद झाला. हा आनंद मी पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते, कारण पुढे तो कुठं सापडेल याची मला खात्री नाही.

अकरा तारखेला, शनिवारी, मी बॅलिव्होर्नीला घरीच होते. संत गोबनितचा दिवस, म्हणून शाळेतून रजा घेतली होती. आई आणि मी सकाळी टेकडीवर गेलो, फेऱ्या घातल्या, विहिरीचं पाणी प्यायलो. मग आईनं रांगेत उभं राहून, तुझी सुटका सुखरूप व्हावी म्हणून, तुझ्यासाठी फीत मापून घेतली. संतिणीच्या लाकडी मूर्तीच्या डोक्यापासून पायांपर्यंत फीत धरून तिनं ती दोनदा पुन्हा मापली, कारण तुझे दिवस भरले होते आणि इंग्लंडहून काही कळलं नव्हतं. दुपारी घरी आलो तर पोस्टातल्या मिस क्रीडन स्वतः तार घेऊन दारात उभ्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप, कोलमन. आईनं हातातली बादली खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली की पोर नाव घेऊनच आली.

तुला हे समजावून सांगायला नको. आपल्या गावात संतिणीच्या दिवशी जन्मलेल्या मुलीसाठी कुणी नाव शोधत बसत नाही. आईनं भिंतीवरची घराची किल्ली काढली, शाल घेतली आणि मागे मधमाश्यांच्या पेट्यांकडे गेली. तिन्ही पेट्यांवर किल्लीनं टकटक करून तिनं माश्यांना सांगितलं, की घरात एक नवी गोबनित आली आहे. आपल्या घरातला जन्म आणि मरण माश्यांना आधी कळतं, शेजाऱ्यांना नंतर. ती पेटीला कान लावून उभी होती. तिचा चेहरा मी कधी इतका मोकळा पाहिला नव्हता.

आणि परवा आईचं पत्र आलं, की मुलीचं नाव तुम्ही ट्रेसी ठेवताय.

मी ते तीनदा वाचलं. ट्रेसी. तुमच्या रस्त्यावर या नावाच्या किती आहेत, चार की पाच? गोबनित, तू कुणाचं नाव टाकते आहेस ते तुला ठाऊक तरी आहे का? जुन्या भाषेत लोहाराला जो शब्द होता त्यापासून हे नाव आलं असं अभ्यासक मानतात, म्हणजे लहानगी लोहारीण. आपल्या टेकडीवर संतिणीच्या घराची जागा खणली तेव्हा तिथं लोखंड गाळल्याची मळी निघाली, ती उगाच नाही. बेटावरून ती निघाली तेव्हा देवदूतानं तिला सांगितलं होतं की जिथं नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथं थांब. एका ठिकाणी तीन दिसली, एका ठिकाणी सहा, आणि नऊ दिसली ती आपल्या गावात. गुरं चोरायला आलेल्यांवर तिनं मधमाश्या सोडल्या. विस्तव, लोखंड आणि डंख, एवढं त्या नावात आहे. आपली भाषा आपण बाजारात बोलायला लाजलो, गाणी विसरलो, आणि आता उरलेली नावंही स्वतःच्या हातानं फेकून देतो आहोत. परक्यांनी नेलं तर निदान त्यांच्यावर रागावता तरी येतं.

बाप्तिस्म्याला बाळाची धर्ममाता हो म्हणालीस. मी ईस्टरच्या सुट्टीत आनंदानं येईन. पण ट्रेसीची धर्ममाता व्हायला मला जमेल की नाही, हे तूच ठरव.

राग आहे त्याअर्थी लोभही आहे, असं समजून घ्यावं.

तुझी,
हॅना

*

कॉव्हेंट्री,
२७ फेब्रुवारी १९६७

चि. हॅनास,
अ. आ.

तुझं जाडजूड पाकीट पोहोचलं. कोलमनला वाटलं घराची कागदपत्रं आली. मी त्याला म्हटलं, नाही, माझ्या बहिणीनं मला माझंच नाव समजावून सांगितलं आहे. तो म्हणाला, एवढं शिकल्यावर काहीतरी कामाला लावायला हवंच ना ते शिक्षण. रागावू नकोस, त्याला तुझं कौतुक आहे. बसच्या डेपोत तो सगळ्यांना सांगतो की मेव्हणी पदवीधर आहे. मीही सांगते.

बाळ आत्ता मांडीवर झोपलं आहे, म्हणून हे एका हातानं लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर गुण कापू नकोस.

लोहारीण, हरणं, माश्या, सगळं वाचलं. हॅना, मी दहा वर्षं कॉव्हेंट्रीच्या बसवर तिकिटं फाडते आहे, मला नऊ सोड, एकसुद्धा पांढरं हरण भेटलेलं नाही. मला काय भेटलं ते ऐक. सतरा वर्षांची होते. पहिल्या दिवशी डेपोतल्या साहेबानं यादीतून माझं नाव वाचलं आणि विचारलं, की हे नाव आहे की घशाचा आजार. सगळे हसले, मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांच्या भाषेत त्या नावाचा पहिला अर्धा भाग म्हणजे थोबाड, तेही फार चांगल्या घरात म्हणत नाहीत असं. आठवडाभर मला तेवढ्यानंच हाका मारत. खोली बघायला गेले तर घरमालकीण बाई तशी बरी होती, चहा दिला, पण म्हणाली की जिन्याखालून हाक मारायला मला असलं काही जमणार नाही. तेव्हा मला आठवलं, की आपल्या चर्चच्या वहीत फादर पूर्वीपासून गावातल्या सगळ्या गोबनितना ॲबिगेल नाहीतर डेबोरा लिहीत आले आहेत. माझ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरही ॲबिगेलच होतं. मी म्हटलं, ॲबी म्हणा. तेव्हापासून ॲबी. मी काही फेकलं नाही, मला आपल्याच फादरनी दिलेलं वापरलं.

तुला हॅना म्हणतात. बाबांच्या आईचं नाव, दुसऱ्या मुलीला मिळतं तसं तुला मिळालं. लंडनची राणीही ते न अडखळता म्हणेल. मी थोरली, म्हणून आईच्या आईचं नाव माझ्या वाट्याला आलं. जे ओझं तू कधी उचललं नाहीस ते दुसऱ्याच्या पाठीवर किती शोभतं हे सांगणं फार सोपं असतं.

माझी मुलगी इथं शाळेत जाणार आहे, टेकडीवर नाही. हजेरी घेताना बाई तिच्या नावापाशी थांबू नयेत, एवढंच मला हवं आहे. फादर म्हणाले ट्रेसी नावाची संतीण नाही, तर मागे मेरी जोडलं. ट्रेसी मेरी डर्कन. झालं.

बाप्तिस्मा २ एप्रिलला, रविवारी. तू यायचं आहेस आणि तूच धरायचं आहेस. येताना आईचा सोडा ब्रेड आण, इथलं पीठच वेगळं.

भांडून झाल्यावर उरेल तेवढी माया माझ्यासाठी ठेव.

तुझी,
ॲबी

*

कॉर्क,
५ मार्च १९६७

ती. गोबनित हिस,
सा. न. वि. वि.

पत्राखाली तू जी सही केलीस त्या बाईला मी ओळखत नाही, म्हणून हे माझ्या बहिणीला लिहिते आहे.

डेपोतल्या साहेबाचं वाचून माझं रक्त उकळलं. पण मला हे कळत नाही, की तो हसला म्हणून त्याचंच खरं कसं झालं. दहा वर्षांपूर्वी एक मूर्ख माणूस हसला आणि आज तू त्याच्या सोयीनं मुलीचं नाव ठेवते आहेस. ज्यांना जीभ वळवायचे कष्ट नकोत त्यांच्यासाठी आपण किती वर्षं स्वतःला कापून लहान करायचं? मी इथं आठवड्यातून दोन संध्याकाळी गिरणीतल्या मुलींना आयरिश शिकवते, फुकट. त्या दिवसभर उभ्या असतात, पाय सुजलेले असतात, तरी येतात. त्यांना मी काय तोंडानं सांगू, की भाषा टिकवा, माझी भाची मात्र ट्रेसी आहे?

आणि आईचं काय? गेल्या रविवारी घरी गेले होते. चर्चमधली मिसाप्रार्थना सुटल्यावर बायका तिला विचारत होत्या, छोटी गोबनित कशी आहे. आई म्हणत होती, छान आहे, वजन वाढतं आहे. कुणाचंही बोलणं तिनं दुरुस्त केलं नाही. तुझ्या पत्रानंतर ती पेट्यांकडे गेलेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, थंडी आहे. तुला माहीत आहे, माश्यांना खोटं सांगितलं तर त्या घर सोडतात असं ती मानते. तू तिला खोटं पाडलं आहेस.

म्हणून मी ठरवलं आहे ते आधीच सांगते, पाठीमागून काही करणारी मी नव्हे. मी २ एप्रिलला येईन. बाळ मी धरीन. आणि फादर नाव विचारतात ते आईला नाही, बाळ धरणाऱ्या धर्ममातेला. ते विचारतील तेव्हा मी गोबनित म्हणेन. एकदा डोक्यावर पाणी पडलं की झालं, मग घरी तुम्ही काय हवं ते म्हणा. तू आज रागावशील, पण ती वीस वर्षांची होईल तेव्हा माझे आभार मानेल.

माझ्यावरचा लोभ थोडा बाजूला काढून ठेव, पुढे लागेल.

तुझी,
हॅना

*

कॉव्हेंट्री,
१० मार्च १९६७

हॅना,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही, म्हणून लिहीत नाही.

तू लोकांसमोर माझ्या तोंडचं नाव परस्पर सांगून टाकायची ही पहिली वेळ नव्हे. आधीची तुला आठवत नसेल. मला आठवते.

तुझा पदवीदानाचा दिवस, ऑक्टोबर ६५. मी दोन दिवसांची रजा बदलून घेतली आणि बोटीनं आले. रात्रभर उलट्या झाल्या. बंदराच्या मोरीत तोंड धुऊन नवा हिरवा कोट घातला, कारण तू लिहिलं होतंस की सगळ्यांचे घरचे चांगले कपडे घालून येतात. तो कशासाठी घेतला ते विसरू नये म्हणून मी काठावर शाईनं तुझ्या पदवीची तारीख लिहून ठेवली होती, आतल्या बाजूला. अजून आहे.

कॉलेजच्या अंगणात तू काळा झगा घालून उभी होतीस. तुझ्याबरोबर त्या डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या मुली होत्या, आणि तुमचे ते पांढऱ्या मिशांचे प्राध्यापक, ज्यांच्याबद्दल तू पत्रात लिहायचीस की त्यांनी आयुष्य जुन्या नावांच्या अभ्यासात घालवलं. मी आईचा हात धरून तुझ्याकडे येत होते. मनात म्हणत होते, इथं तरी आता कुणी हसणार नाही. या एका जागी माझं नाव ऐकून माणसं खूश होतील. मी तोंड उघडलंही होतं. आणि तू पटकन पुढे येऊन त्यांना म्हणालीस, की ही माझी बहीण, ॲबी, इंग्लंडात असते.

मी तुला ॲबी म्हणायला कधी सांगितलं होतं? घरात मला कुणी त्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. तू ते पाकिटावरच्या पत्त्यावरून उचललंस. प्राध्यापकांनी हात पुढे केला, मी मिस ॲबी म्हणून तो धरला, आणि ते दुसऱ्या कुणाशी बोलायला वळले. आई माझ्या शेजारी उभी होती. ती खिडक्या बघायला लागली.

डेपोतला साहेब हसला तेव्हा मला राग आला, पण तो परका होता. तोपर्यंत मी इंग्लंडात ॲबी होते आणि घरी गोबनित. त्या दिवशी मी घरीही ॲबी झाले. आता तू लोहार आणि हरणं घेऊन माझ्या मुलीच्या मागे लागली आहेस. तुला ते नाव हवं आहे, पण ते घेऊन चालणारी बाई तुझ्या शेजारी उभी राहिली तेव्हा तुला ती नको होती.

माझ्या मुलीचं नाव तू सांगणार नाहीस. यायचं की नाही ते तू बघ. नाही आलीस तर कोलमनची बहीण धरेल.

ॲबी

*

कॉर्क,
१४ मार्च १९६७

ती. आईस,
शि. सा. न.

तुझी खोकल्याची तक्रार कशी आहे? मी बरी आहे, म्हणजे अंगानं.

गोबनितचं पत्र आलं. ते मी तुला पाठवत नाही, पण एक विचारायचं आहे आणि तू मला खरं सांगायचं आहेस. माझ्या पदवीदानाच्या दिवशी, अंगणात, मी तिला सगळ्यांसमोर ॲबी म्हटलं. तू ऐकलंस का?

मी म्हटलं, आई. पत्र वाचताना मला आधी वाटलं तिनं रचलं आहे. मग तो हिरवा कोट आठवला. मग मला स्वतःचा आवाजही ऐकू आला, किती घाईघाईत आणि गोड होता. त्या मुली पहिल्या वर्षी वसतिगृहात आमच्याकडच्या नावांची नक्कल करून हसायच्या, आणि मी त्यांच्याबरोबर हसले होते. तीन वर्षं मी जुन्या नावांवर निबंध लिहिले, त्याला बक्षीस मिळालं, आणि त्यातलं एक जिवंत नाव बोटीतून माझ्याकडे आलं तेव्हा मी ते झाकलं. प्राध्यापकांना ते ऐकून किती आनंद झाला असता हे मला तेव्हाही माहीत होतं. मला त्यांची भीती नव्हती. मला त्या मुलींची भीती होती.

गेले तीन आठवडे मी तिच्यावर रागावले होते. तो राग कमी झालेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला आहे. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की खडू मोडतो.

मी आता कॉव्हेंट्रीला कोणत्या तोंडानं जाऊ? आणि नाही गेले तर ती समजेल की मी अजून हट्टावर आहे.

लहानपणापासून ठेवलीस तशीच ममता असू दे, मी तिला लायक नसले तरी.

तुझी,
हॅना

*

बॅलिव्होर्नी,
१९ मार्च १९६७

चि. हॅना हिस,
अनेक आशीर्वाद.

देवाच्या दयेनं मी ठीक आहे, तूही तशीच असशील. खोकला आहे, पण तो माझाच आहे, त्याची चिंता करू नकोस. लाल गाय व्याली, वासरू पांढरं तोंड घेऊन आलं आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी ऐकलं. माझ्या हातात ब्रेडची पिशवी होती आणि ती मी खाली ठेवायचं विसरले. गोबनितचा हात माझ्या हातात होता, तो एकदम ढिला पडला. तुला तेव्हाच एक लगावून द्यावी असं वाटलं. पण तुझ्या डोक्यावर ती चौकोनी टोपी होती, आणि आपल्या घरात आजवर कुणी पदवी घेतलेली नव्हती, तेव्हा अशा जागी मुलीवर कुठून आणि कसं रागवायचं ते मला कळलं नाही. म्हणून मी खिडक्या बघितल्या. ती माझी चूक. घरी येताना बसमध्ये तरी बोलायला हवं होतं.

आता रागावते. तू मला काठी केलीस आणि माझ्या थोरल्या मुलीला माझ्याच नावानं मारलंस. मी तुला सांगितलं होतं का, की आईला वाईट वाटतं असं तिला लिही? मला वाईट वाटलं, ते माझं मी बघितलं असतं. मिसा सुटल्यावर बायकांसमोर मी गप्प बसले, कारण चर्चच्या दारात आपल्या पोरीचं भांडण मांडायची मला सवय नाही. आणि गोबनितवरही मी रागावले आहे, दीड वर्ष हे पोटात धरून बसली म्हणून. तिलाही लिहिलं आहे.

काल सकाळी ऊन पडलं. किल्ली घेऊन पेट्यांकडे गेले. माश्यांना म्हटलं, की त्या दिवशी आनंदात माझा घोळ झाला. जी जन्मली तिचं नाव ट्रेसी. गोबनित तिची आई, माझी थोरली. ती दूर आहे, पण घरचीच आहे. मी दोघींना एकीत मिसळलं, तेवढं दुरुस्त करून घ्या. मग कान लावला. आत होत्या, गुणगुणत होत्या. गेल्या नाहीत.

तर आता तेवढं मिटलं. त्या दिवशी मूर्तीला लावून मापलेली फीत सोबत पाठवते आहे. ती तू घेऊन जा. ती मी बाळासाठी मापली नव्हती, तेव्हा बाळ आहे की नाही तेही कळलं नव्हतं. गोबनितसाठी मापली होती. तिच्याच हातात दे.

कोणत्या तोंडानं जाऊ म्हणतेस. तुला एकच आहे, तेच घेऊन जा. ब्रेड निघायच्या दिवशी येऊन घेऊन जा, दोन करीन.

देव तुमच्या दोघींच्या डोक्यात थोडी अक्कल आणि अंगात थोडी ऊब ठेवो.

तुझी,
आई

*

कॉर्क,
२३ मार्च १९६७

ती. गोबनित हिस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं तसंच घडलं. मी त्यातला एक शब्दही कमी करणार नाही. कारणं आहेत, पण ती सांगितली की ती सबबी होतील, म्हणून सांगत नाही.

मी १ एप्रिलच्या बोटीनं निघते आहे. बाळ माझ्या हातात द्यायचं की कोलमनच्या बहिणीच्या, ते तू त्या क्षणी ठरव. दिलंस आणि फादरनी विचारलं, तर तू ठेवलेलं नावच सांगेन, ट्रेसी मेरी, स्पष्ट आणि मोठ्यानं. ते मला आवडत नाही. माझ्या आवडीचा तिथं काही संबंध नाही, हे मला उशिरा कळलं.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून फक्त येऊ देण्याची विनंती करते.

हॅना

*

कॉव्हेंट्री,
५ एप्रिल १९६७

ती. आईस,
शि. सा. न.

बाप्तिस्मा नीट पार पडला. पोर पाणी पडल्यावर एवढी ओरडली की फादर म्हणाले सैतान एकदाचा गेला. ब्रेड एका बैठकीत संपला. कोलमननं एकट्यानं अर्धा खाल्ला आणि वर म्हणतो, मेयोत याहून बरा करतात. हॅना काल रात्रीच्या गाडीनं परत गेली.

ती आली तेव्हा मी दारात तिच्याशी फार बोलले नाही. बोटीनं तिला माझ्यासारखंच लागतं, चेहरा चुन्यासारखा झाला होता. तिनं बॅग उघडली आणि तुझी फीत माझ्या हातात दिली, म्हणाली आईनं तुझ्यासाठी मापली होती. एवढंच. बाळ मी तिच्याच हातात दिलं. का दिलं ते मला विचारू नकोस.

चर्चमध्ये फादरनी विचारलं, तेव्हा हॅना ट्रेसी मेरी म्हणाली, वर्गात सांगतात तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. पण सांगायचं आहे ते त्यानंतरचं. फादर वही लिहायला बसले. आम्ही सगळे भोवती उभे होतो, डेपोतली आठ-दहा माणसंही होती. कोलमननं भरलेल्या कागदावरून त्यांनी आईच्या रकान्यात ॲबिगेल लिहायला घेतलं. हॅना म्हणाली, फादर, ते चुकलं आहे. ते म्हणाले, कागदावर असंच आहे. ती म्हणाली, मग कागदही चुकला आहे, आणि हे चुकीचं नाव लोकांमध्ये सांगणाऱ्यांत मीही होते, म्हणून मला ठाऊक आहे. मग तिनं माझं नाव सांगितलं. फादरना जमेना, तर तिनं रोमन लिपीतली सातही अक्षरं एकेक करून सांगितली, आणि फादरनी खोडून, शेजारी सही करून, ती एकेक लिहिली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज नाही कापला. आई, मला तिला तिथंच एक थप्पड मारावीशी वाटली आणि तिच्या गळ्यातही पडावंसं वाटलं, म्हणून मी फक्त बाळाचं टोपडं नीट केलं.

आता परिणाम ऐक. चहाच्या वेळी डेपोतल्या डोरीननं लगेच त्या अर्ध्या नावानं मला हाक मारली, मला माहीतच होतं. मी तिला म्हटलं, की पूर्ण म्हण, नाहीतर केक खाली ठेव. तिनं तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा जमलं. माझ्या बसचा ड्रायव्हर सॅमनं कप खाली ठेवून विचारलं, की तीन वर्षं माझ्या मागे ॲबी म्हणून जी घंटी वाजवत होती ती कोण होती. मी म्हटलं, तू सॅम आहेस तशीच ती ॲबी होती. तो पगडी सावरत हसला आणि म्हणाला, माझं नाव शमशेर. तीन वर्षं एका गाडीवर आहोत, आई, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

हॅनाला मी माफ केलेलं नाही. तिला तसं कळवायची गरज नाही, तिला ठाऊक आहे. जाताना स्टेशनवर ती म्हणाली की तुझा राग जाईपर्यंत मी पत्रं लिहीत राहीन. मी म्हटलं, मग टपाल खात्याचं भलं होईल. गाडी सुटल्यावर मात्र फलाट संपेपर्यंत चालत गेले.

सोबत एक फीत आहे. ती तुझी नाही, तुझी माझ्या उशीखाली आहे. ही मी इथल्या दुकानातून आणली आणि ट्रेसीच्या टाळूपासून टाचेपर्यंत धरून कापली. बरोबर बावीस इंच. पाय सरळ धरायला कोलमन लागला. ही तुझ्याजवळ ठेव, म्हणजे ती केवढी आहे ते तुला कळेल. पेट्यांकडे जाशील तेव्हा घेऊन जा.

ती नाव घेऊन आली असं तू म्हणालीस. मी त्यावर खूप विचार केला. आणलं असेल तिनं. मोठी झाल्यावर तिनं मागितलं तर देईन. तोपर्यंत ते माझ्याकडे राहू दे. मला ते आत्ताच परत मिळालं आहे.

तुझी ऊब इथवर येते, ती अशीच येत राहो.

तुझी,
गोबनित